घरात तीन दुचाकी असताना विमा तीनदा का भरायचा? खर्च कुठे कमी होतो आणि कुठे कमी करू नये

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला. गुहागर तालुक्यात आपले घर आणि आंब्याची बाग आहे, घरात तीन दुचाकी आहेत आणि त्या चालवणारे मुख्यतः आपण एकटेच आहात. बागेत ये-जा करण्यासाठी २०१४ सालची १४९ सीसीची मोटारसायकल, पत्नीच्या नावावर २०२२ साली घेतलेली ११० सीसीची स्कूटर आणि २०२४ साली हौसेने घेतलेली ३४९ सीसीची मोटारसायकल, अशा त्या तीन गाड्या. तिन्हींचा विमा एकदम उतरवावा म्हणून आपण ऑनलाइन दर काढला, तेव्हा एकूण आकडा ९,८०० रुपयांच्या आसपास आला. त्यावरून आपण विचारले आहे की, एका वेळी मी एकाच गाडीवर बसतो, मग तिन्ही गाड्यांचा मिळून एकच स्वस्त विमा का मिळू नये. आणि मोठ्या गाडीचा वार्षिक विमा मे महिन्याच्या अखेरीस संपतो व पावसाळ्याचे चार महिने ती पडवीत झाकून ठेवलेली असते, तर तेवढ्या काळाचे पैसे कशासाठी भरायचे.

मी चिपळूण येथे गेली बावीस वर्षे सर्वसाधारण विम्याचा अभिकर्ता म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या ग्राहकांपैकी बऱ्याच जणांच्या घरी दोन किंवा तीन दुचाकी असतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. उत्तरातील काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. उदाहरणार्थ, आपल्या पत्नीकडे वाहन चालवण्याचा परवाना आहे की नाही, जुन्या मोटारसायकलवर मागे कोणी बसते की नाही, आणि तीन वर्षांत एखादा दावा झाला आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. जुनी मोटारसायकल अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे, हे मात्र आपण ओघात एका वाक्यात लिहून गेला आहात. माझ्या दृष्टीने आपल्या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत गंभीर बाब तीच आहे आणि तिच्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे.

दुचाकीचा विमा आपण एक कागद म्हणून विकत घेतो, पण त्या कागदात तीन निरनिराळे करार एकत्र बांधलेले असतात. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा किंवा नुकसान झाले तर त्याची भरपाई. दुसरा भाग ओन डॅमेजचा, ज्याला आपण सगळेच ओडी म्हणतो, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी. तिसरा भाग मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा. यांपैकी पहिले दोन भाग गाडीला चिकटलेले असतात, तर तिसरा भाग माणसाला चिकटलेला असतो. आणि एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, नावाची जी दावा न केल्याबद्दलची सूट ओडीवर मिळते, तीही गाडीची नसून विमेदाराची असते. अनेक गाड्या असलेल्या घराचा खर्च कुठे कमी होऊ शकतो, हे या एका भेदावरून ठरते. जे माणसाचे आहे ते प्रत्येक गाडीबरोबर पुन्हा विकत घेण्याचे कारण नाही. जे गाडीचे आहे ते मात्र प्रत्येक गाडीसाठी घ्यावेच लागते.

थर्ड पार्टीपासून सुरुवात करू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला हा विमा असलाच पाहिजे. कायदा वाहनाकडे पाहतो, आपण एका वेळी किती वाहने चालवू शकता याकडे पाहत नाही. यामागील विचार मला योग्य वाटतो, कारण आपण मोठी गाडी घेऊन शृंगारतळीला गेला असताना आपला भाचा स्कूटर घेऊन दुकानात जाणारच नाही, असे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. आणि त्या स्कूटरची धडक ज्या पादचाऱ्याला बसेल त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळाली पाहिजे, हा या सक्तीचा हेतू आहे. गाडी उभी आहे म्हणजे ती वापरात नाही, असाही अर्थ सहज काढता येत नाही. ‘वापर’ या शब्दाचा अर्थ व्यापक असून त्यात रस्त्यात बंद पडून उभे असलेले वाहनही येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका टँकरच्या अपघाताच्या प्रकरणात म्हटलेले आहे. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि त्यानंतर ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड ही त्यातली लहान गोष्ट आहे. मृत्यू किंवा गंभीर इजेच्या प्रकरणात मोटार अपघात न्यायाधिकरण जी रक्कम ठरवते, ती विमा नसेल तर मालकाला स्वतःच्या खिशातून आणि प्रसंगी बाग विकून द्यावी लागते.

या भागाचे दर सरकार ठरवते, त्यामुळे कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी त्यात फरक पडत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ च्या वर १५० पर्यंत ७१४ रुपये, १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये, शिवाय सर्वांवर १८ टक्के जीएसटी, असा वार्षिक खर्च येतो. नूतनीकरणाच्या वेळी त्या दिवशी लागू असलेला दर पाहून घ्यावा. येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण दुसरी किंवा तिसरी गाडी घेताना तिचा विचार कोणी करत नाही. लोक ज्या गाडीला बोलताना ‘दीडशे सीसी’ म्हणतात ती प्रत्यक्षात १५५ सीसीची असेल, तर तिचा थर्ड पार्टी हप्ता जवळजवळ दुप्पट होतो, आणि तो ती गाडी आपल्याकडे असेपर्यंत दरवर्षी तसाच राहतो. आपली मोठी गाडी ३४९ सीसीची आहे, म्हणजे ती वरच्या गटात जाता जाता राहिली आहे, हे आपल्या फायद्याचेच झाले.

आता आपल्या ९,८०० रुपयांच्या आकड्याकडे वळतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना थर्ड पार्टीचा विमा पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. म्हणजे आपल्या २०२२ च्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा २०२७ पर्यंत आणि २०२४ च्या मोटारसायकलचा २०२९ पर्यंत आपण शोरूममध्येच भरून ठेवलेला असणार. असे असताना ऑनलाइन दर काढताना ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र, हा पर्याय निवडला आणि चालू थर्ड पार्टी पॉलिसीचा तपशील भरला नाही, तर संगणक त्या दोन्ही गाड्यांसाठी थर्ड पार्टीचा हप्ता पुन्हा धरतो. आपल्या आकड्यात तसेच झाले असावे, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. ७१४ आणि १,३६६ मिळून २,०८० रुपये, आणि १८ टक्के कर धरून सुमारे २,४५४ रुपये, ही रक्कम आपण जे आधीच विकत घेतलेले आहे त्यासाठी दुसऱ्यांदा भरणार होता. त्या दोन्ही गाड्यांसाठी आपल्याला केवळ ओडीची स्वतंत्र पॉलिसी हवी आहे. ती सप्टेंबर २०१९ पासून मिळते आणि थर्ड पार्टी ज्या कंपनीची आहे त्याच कंपनीकडून घेतली पाहिजे असेही बंधन नाही. शोरूमने दिलेली फाइल काढून त्यातील दोन वेगवेगळ्या मुदती आधी वाचा. नेमका उलटा गैरसमजही मी वारंवार पाहतो. ‘गाडीला पाच वर्षांचा विमा आहे’ या समजुतीत ओडी पहिल्याच वर्षानंतर संपून गेलेली असते आणि ते झाड पडल्यावर कळते.

ओडीच्या बाबतीत मात्र आपला मूळ विचार अगदी निराधार नाही. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना अशी परवानगी दिली की, एकाच व्यक्तीच्या मालकीच्या एकाहून अधिक दुचाकी किंवा खासगी मोटारींसाठी ओडीचे फ्लोटर संरक्षण, म्हणजे सगळ्या गाड्यांना मिळून एकच संरक्षण, देता येईल, आणि त्याच वेळी गाडी किती चालते किंवा कशी चालवली जाते यावर आधारित हप्त्यालाही मान्यता दिली. आपण ज्याची कल्पना करत आहात ती सोय हीच. पण तिच्या मर्यादा नीट समजून घ्या. फ्लोटर फक्त ओडीपुरते असते, थर्ड पार्टी त्यात येत नाही. दुसरे म्हणजे मालक एकच असावा लागतो, त्यामुळे पत्नीच्या नावावरची स्कूटर त्यात बसणार नाही, आणि जुनी मोटारसायकल वडिलांच्या नावावर असेपर्यंत तीही बसणार नाही. म्हणजे आज आपल्याकडे फ्लोटरमध्ये घालण्याजोगी गाडी एकच उरते. शिवाय आपल्याकडच्या शाखांतून हे संरक्षण दुचाकीसाठी सहजपणे मिळाल्याचा माझा अनुभव नाही. विचारून जरूर पाहा, पण त्यावर या वर्षीचे अंदाजपत्रक बांधू नका.

कंपन्यांना २००७ पासून ओडीचे दर ठरवण्याची मोकळीक आहे, तरी हिशोबाचा पाया म्हणून जुन्या टॅरिफचे, म्हणजे त्याआधीच्या ठरावीक दरपत्रकाचे, दर अजून उपयोगी पडतात. त्या टॅरिफमध्ये मुंबई, पुणे यांसारखी आठ मोठी शहरे एका विभागात होती आणि उरलेला देश दुसऱ्या, किंचित स्वस्त विभागात होता. आपली एमएच-०८ ची नोंदणी या दुसऱ्या विभागात येते. पाच वर्षांच्या आतील, १५० ते ३५० सीसीच्या गाडीला तेथे १.७६० टक्के दर होता. आपल्या मोठ्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, समजा १,५०,००० रुपये असेल, तर कोणतीही सूट न धरता ओडी २,६४० रुपये होते. आता आपण मे २०२६ मध्ये नूतनीकरण करत आहात आणि दोन वर्षांत एकही दावा केलेला नाही, असे धरू. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर एनसीबी २० टक्के मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. आपण २५ टक्क्यांच्या पायरीवर आहात, म्हणजे ६६० रुपये कमी होऊन १,९८० रुपये राहतात.

या आकड्यांवर आपला पावसाळ्याचा प्रश्न तपासून पाहा. १ जून ते ३० सप्टेंबर ओडी घेतली नाही, तर वर्षाच्या एक तृतीयांश हप्त्याचे, म्हणजे ६६० रुपये वाचले असे वाटते. पण पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही तर साठलेली सगळी एनसीबी जाते, आणि जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस होतात. ऑक्टोबरमध्ये नवी पॉलिसी घेताना आपल्याला गाडीची तपासणी करून द्यावी लागेल आणि ६६० रुपयांची सूट गमावल्यामुळे तेवढेच पैसे जास्त भरावे लागतील. एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने गेले, इतकाच याचा अर्थ नाही, कारण ५० टक्क्यांकडे जाणारी पाच वर्षांची चढण पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते.

यापेक्षाही महत्त्वाचे कारण वेगळे आहे. कोकणात उभ्या गाडीला सर्वांत जास्त धोका पावसाळ्यातच असतो. ओडीमध्ये पूर, वादळ, दरड कोसळणे, भूस्खलन, आग, वीज, चोरी हे सगळे येते आणि त्यासाठी गाडी चालू असण्याची अट नसते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले, तेव्हा जिन्याखाली, पडवीत, इमारतीच्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. त्या आठवड्यांत माझ्याकडे आलेल्या लोकांना मला दोन वेगवेगळी उत्तरे द्यावी लागली आणि ती देताना फार वाईट वाटत होते. ज्यांची ओडी चालू होती त्यांच्या दाव्याचे कागद आम्ही करू शकलो. ज्यांनी गाडी पावसात काढायचीच नाही म्हणून नूतनीकरण गणपतीनंतर करू असे ठरवले होते, त्यांच्यासाठी काहीही करता आले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली, मंडणगड आणि रायगडच्या किनारपट्टीवर माड, पोफळी आणि आंब्याची झाडे घरांवर आणि गाड्यांवर कोसळली. जून महिना नुकताच सुरू झाला होता, हे लक्षात घ्या.

पुराचा विषय निघालाच आहे म्हणून एक सूचना. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नका, किक मारू नका, बटण दाबू नका. ढकलत बाजूला घ्या, छायाचित्रे काढा आणि कंपनीला कळवा. पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नात जे आतून मोडते, ते परिणामी नुकसान मानून साध्या पॉलिसीत नाकारले जाते. इंजिनच्या संरक्षणाचे वेगळे कलम मिळते, आणि आपले घर खाडीच्या किंवा पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, जवळ असेल तर मोठ्या गाडीसाठी त्याचा विचार करावा. खाऱ्या हवेने येणारा गंज मात्र कोणत्याही पॉलिसीत येत नाही, तो नेहमीच्या झिजेत धरला जातो. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने गाडी नेताना काय होते, असेही लोक विचारतात. अंतर्गत जलमार्गाने वाहतूक होत असतानाचे नुकसान ओडीमध्ये समाविष्ट असते.

वैयक्तिक अपघाताच्या भागात आपले पैसे निश्चितपणे वाचतील. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे हे संरक्षण सक्तीचे आहे, पण ते मालकाला लागते, प्रत्येक गाडीला नाही. एका व्यक्तीच्या नावावर दोन गाड्या असतील तर ते एकदाच घेणे पुरेसे आहे, आणि ज्याच्याकडे मृत्यू व कायमचे अपंगत्व यांसाठी किमान १५ लाखांची सर्वसाधारण वैयक्तिक अपघात पॉलिसी आधीच आहे, त्याला तेही वेगळे घ्यावे लागत नाही. संगणकाने तिन्ही गाड्यांना हे संरक्षण लावलेले असणार, प्रत्येकी साधारण तीन-चारशे रुपये. बँकेतून दरवर्षी २० रुपये कापले जाऊन मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा पुरेसा आहे, असे मात्र समजू नका. तो उत्तम आहे आणि चालूच ठेवावा, पण त्याची रक्कम दोन लाख आहे.

येथे एक बारकावा आहे आणि तो अनेक गाड्यांच्या घरालाच लागू पडतो. गाडीच्या पॉलिसीला जोडून घेतलेल्या अपघात संरक्षणाचे शब्द वाचले, तर त्यांचा संबंध बहुतेक वेळा ‘विमा उतरवलेल्या वाहनाशी’ जोडलेला दिसतो. म्हणजे एकदाच पुरते म्हणून आपण ते जुन्या मोटारसायकलवर घेतले आणि अपघात मोठ्या गाडीवर झाला, तर वाद उद्भवण्याची शक्यता राहते. त्यातच आपण चालवता ती स्कूटर पत्नीच्या नावावर आहे. मालक-चालकाचे संरक्षण मालकासाठी असते, म्हणून त्या स्कूटरवर आपल्याला अपघात झाला तर पत्नीच्या पॉलिसीतील ते १५ लाख आपल्याला लागू होत नाहीत. आणि पत्नीकडे परवानाच नसेल तर तिच्या नावाने ते संरक्षण देताही येत नाही, तरी कित्येक ठिकाणी त्याचे पैसे घेतलेले मी पाहिले आहेत. या सर्व गुंत्यावर माझे उत्तर एकच असते. आपण आपल्या नावाने चोवीस तासांची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी, किमान १५ लाखांची आणि जमल्यास अधिक रकमेची. ती गाडी कोणाची हे विचारत नाही; आपण स्कूटरवर असा, दुसऱ्याच्या मागे बसलेले असा किंवा आंब्याच्या झाडावरून पडा, ती लागू राहते. तिचा हप्ता वयावर, व्यवसायावर आणि रकमेवर ठरतो, पण तीन गाड्यांवर तीनदा घेतलेल्या संरक्षणापेक्षा ती अधिक उपयोगी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणजे दोन गाड्यांचा दुसऱ्यांदा धरलेला थर्ड पार्टी हप्ता आणि अनावश्यक अपघात संरक्षण काढून टाकले की आपला आकडा सात हजारांच्या आत येतो, आणि संरक्षणातील एक रुपयाही कमी झालेला नसतो.

आता जुन्या मोटारसायकलविषयी. वडिलांना जाऊन आठ महिने झाले आणि मध्यंतरी आपण त्यांच्याच नावाने पॉलिसी ऑनलाइन नूतनीकृत केली, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. हे कोकणात घरोघरी होते. भाऊ मुंबईला असतात, सातबाऱ्याचे काम अर्धवट असते, आणि त्या मानाने दुचाकी ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण विमा हा करार आहे आणि हयात नसलेल्या व्यक्तीशी करार होत नाही. प्रमाणित पॉलिसीत अशी तरतूद असते की विमेदाराच्या मृत्यूनंतर पॉलिसी लगेच रद्द होत नाही, ती तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंत चालू राहते, आणि तेवढ्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. आपले ते तीन महिने उलटून गेले आहेत. उद्या त्या गाडीचा अपघात झाला तर कंपनी जबाबदारी टाळण्याचा प्रयत्न करील आणि नोटीस आपल्या घरी येईल. तीन हप्त्यांत पाचशे रुपये वाचवण्याचा विचार करण्यापूर्वी हे निस्तरले पाहिजे. परिवहन कार्यालयात वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१ भरावा लागतो. त्याचीही मुदत तीन महिन्यांचीच आहे, त्यामुळे उशिराचे जे शुल्क लागेल ते भरावे. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, इतर वारसांचे ना हरकत पत्र आणि चालू विमा, हे कागद तयार ठेवा, आणि भाऊ गणपतीला गावी येतील तेव्हा सह्या घेऊ असे म्हणून थांबू नका.

यात एक दिलासा आहे. एनसीबी सहसा गाडीबरोबर दुसऱ्याकडे जात नाही. गाडी विकली तर ती विक्रेत्याकडेच राहते आणि कंपनीकडून तसे पत्र घेऊन तीन वर्षांच्या आत त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीला लावता येते. पण मालकाच्या निधनानंतर गाडी पती-पत्नी, मुले किंवा आई-वडील यांच्याकडे आली, तर साठलेली एनसीबी त्या वारसाला मिळू शकते. आपल्या वडिलांनी दावा न करता जमवलेली सूट आपल्याकडे येऊ शकते, म्हणून शाखेत जाल तेव्हा ती मागा. संगणक ती आपणहून देणार नाही. एक एनसीबी एका वेळी एकाच गाडीला लागते, हेही ध्यानात ठेवावे. मोठ्या गाडीची सूट स्कूटरला दाखवून हप्ता कमी करणारे लोक असतात, आणि दाव्याच्या वेळी ते उघडकीला येते.

नाव बदलल्यावर त्या गाडीला केवळ थर्ड पार्टी घ्यावी की पूर्ण पॅकेज, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही, हा खरा निर्णय उरतो. केवळ थर्ड पार्टी ७१४ रुपये अधिक कर, म्हणजे सुमारे ८४३ रुपयांत होते. तिची किंमत आता पंधरा-वीस हजारांपेक्षा जास्त नसेल आणि दावा केला तरी जुन्या सुट्या भागांची घट वजा होऊन हाती फारसे येत नाही, म्हणून ओडी सोडून द्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे. आपण त्या गाडीवर नेहमी एकटेच जात असाल तर मीही तेच म्हणेन. परंतु मागे कोणी बसत असेल, मग तो घरचा असो किंवा बागेतला गडी असो, तर थांबा. केवळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीच्या मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला आहे. पॅकेज पॉलिसीत मात्र ती व्यक्ती समाविष्ट असल्याचे नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. जुन्या गाडीच्या ओडीला अडीच-तीनशे रुपये लागतील. त्या पैशांत पत्रा आणि प्लास्टिक किती भरून मिळेल याचा हिशोब करू नका. मागे बसलेल्या माणसासाठी ते घ्या. आमच्याकडे दुचाकीवर एकटा जाणारा माणूस मला फार कमी वेळा दिसतो.

झीरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे सुट्या भागांची घट न कापता भरपाई देणारे, कलम आपण तिन्ही गाड्यांसाठी निवडले आहे. माझ्या मते ते स्कूटरला ठेवा, कारण तिचे बहुतेक अंग प्लास्टिकचे असते आणि प्लास्टिक व रबराच्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घट कापली जाते. मोठ्या गाडीचे बरेचसे भाग धातूचे आहेत, त्यांची घट वयानुसार हळूहळू वाढते, म्हणून तेथे हे कलम दोन-तीन वर्षांनी घेतले तरी चालेल, मात्र मध्ये ओडीत खंड पडू देऊ नका. जुन्या गाडीला ते मिळणारच नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा एक लाखावरून ६,००० रुपयांवर आणून ५० रुपये वाचवण्याचा पर्याय कोणी सुचवला तर तो घेऊ नका. घाटात एखाद्या मोटारीचा मागचा दिवा आणि बंपर फुटला तरी सहा हजार पुरत नाहीत.

आपण घरी पर्यटक ठेवता आणि त्यांना ‘कधी स्कूटर लागली तर देतो’, असेही लिहिले आहे. पैसे घेऊन देत असाल तर खासगी पॉलिसीत भाड्याने दिलेल्या वापराला संरक्षण नाही, आणि ते पैसे खोलीच्या बिलात मिळवले तरी स्वरूप बदलत नाही. भाड्याने दुचाकी देण्यासाठी १९९७ ची वेगळी योजना आणि परवाना आहे. पैसे न घेता दिली तरी पाहुण्याचा परवाना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चावी देऊ नका.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयाचे हस्तांतरणाचे काम सुरू करा, आणि तोपर्यंत जुनी मोटारसायकल रस्त्यावर काढू नका. बागेत स्कूटरने जा. दुसरे म्हणजे शोरूमच्या दोन फायलींतून स्कूटर आणि मोठी गाडी या दोन्हींच्या थर्ड पार्टी आणि ओडी अशा चार मुदती, आणि जुन्या पॉलिसीवर छापलेला एनसीबीचा टक्का मला येथेच कळवा, पॉलिसी क्रमांक किंवा नावे लिहू नका. पत्नीकडे परवाना आहे की नाही तेही लिहा. तेवढ्यावरून प्रत्येक गाडीला नेमके काय घ्यावे आणि किती पैसे लागावेत, हे मी मांडून देईन.